शेरा असल्यास

एका छापील कागदावर एक रकाना रिकामा राहिला होता, तो भरून टाकावा असं मी ठरवलं. बस्स, एवढंच केलं मी. चोरी नाही, चहाडी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात बसून, चष्मा पुसून, चांगल्या पेनाने दीड ओळ लिहिली. (दीडच. पुढे देणार आहे, मोजून बघा.) स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. मी तो बायकोच्या पायावर पाडला, आणि वर तिलाच विचारलं, फार लागलं का म्हणून.

आमच्या घराची मांडणी जरा उलटी आहे, ती आधी समजून घ्या. आमची ही फौजेत होती. एकोणीस वर्षं तिने लष्कराची रुग्णवाहिका चालवली. मी नगरपालिकेत आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक. म्हणजे ही जखमी माणसं आणत होती, तेव्हा मी टपाल आणत होतो. (आणत तरी कुठे, आणायचा शिपाई. मी शिक्का मारायचो.) वर्षातून दोनदा ती रजेवर यायची. एरवी घर, स्वयंपाक आणि माझे वडील, सगळं माझ्याकडे. शेजारच्या बायका जिन्यात विचारायच्या, "काय हो, मिसेस कधी येणार?" आणि मी मान खाली घालून सांगायचो, "पत्र आलंय, पुढच्या महिन्यात." त्या मला भाजी निवडायच्या युक्त्या सांगायच्या आणि धीर धरा म्हणायच्या.

शेवटच्या वर्षी तिची गाडी स्फोटात उलटली. मागे चार जखमी होते. दोघांना तिने ओढत बाहेर काढून पोचवलं, दोघांना नाही. याबद्दल ती एवढंच सांगते, आकडे तेवढे सांगते. तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजवा हात थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण होते. ती किणकिण आमच्या घरात कुणी ऐकत नाही. बाबा तर नेमके तेव्हाच खोकतात, आणि इतकं मनापासून खोकतात की एकदा खरोखरीच ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

घरी आल्यावर तिने गाडीच्या चाकाला हात लावला नाही. सहा महिने खिडकीपाशी बसून होती. मग कुठूनसं कळलं, की निवृत्त सैनिकांना नवा व्यवसाय शिकायला सरकार मदत करतं. फी सरकारची, सामान सरकारचं, वर दरमहा विद्यावेतन. दोन वर्षांचा कुठलाही मान्यताप्राप्त कोर्स निवडायचा. एकदा बदलता येतो, दुसऱ्यांदा नाही. कागदपत्र म्हणताच माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. अर्ज दोन प्रतींत मागितला होता, मी तीन केल्या.

"कोर्स कोणता लिहू?" मी विचारलं.

"दात," ही म्हणाली.

"दात काढायचा?"

"बनवायचा. कवळ्या."

मी पेन खाली ठेवलं. तिने मग, खिडकीबाहेर बघतच, सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिने एका जवानाला आणलं होतं. जबडा फुटलेला. तो वाचला. पुढे इस्पितळात भेटला तेव्हा त्याला दात बसवलेले होते, पण ते धड बसत नव्हते. बोलताना खटखट वाजायचे. पूर्ण वेळ तो तोंडावर रुमाल धरून बसला होता. "त्याला हसायचं होतं हो," ही म्हणाली. "मला बघून त्याला हसायचं होतं, आणि त्याने रुमाल काढला नाही. दात नीट असते तर हसला असता."

मी अर्जात लिहिलं: कृत्रिम दंतनिर्मिती. हाताबद्दल अर्जात प्रश्नच नव्हता. कानाबद्दल होता, तो रकाना मी कानाच्या डॉक्टरचा दाखला जोडून व्यवस्थित भरला.

कोर्स सुरू झाला आणि आमच्या घराला दात फुटले. खिडकीत जबडे वाळत. दूध उतू गेलं म्हणून फडकं शोधायला गेलो, तर फडक्याखाली कुणाची तरी दाढ. एकदा पीठ समजून मी तिचं प्लास्टर भिजवलं. दहा मिनिटांत ते असं घट्ट झालं, की हात बाहेर काढायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. (ते भांडं अजून आहे. बैठकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो.) पण ही पुन्हा जेवताना बोलायला लागली. कवळी म्हणजे नुसते दात नव्हेत, माणसाचा गाल कुठे बसतो, तो बोलताना जीभ कुठे लावतो, हे सगळं बघावं लागतं, असं ती सांगायची. आम्ही दोघं बापलेक घास हातात धरून ऐकायचो. जीभ कुठे लागते ते पाहायच्या नादात मी दोनदा जीभ चावली.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एका खऱ्या माणसाची पुरी कवळी करून द्यायची होती. बाबा म्हणाले, "मी आहे की. माझ्या तोंडात काही शिल्लकच नाही, जागाच जागा." त्यांना दोनच इच्छा उरल्या होत्या. एक, सफरचंद न किसता खायचं. दुसरी, सुनेने केलेले दात घालून चौकातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवायचे.

हिरड्यांचा ठसा घ्यायच्या दिवशी बाबा अंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसले. हिने गुलाबी मिश्रणाने भरलेला चमचा उचलला आणि हात थरथरायला लागला. नेहमीपेक्षा जास्त. मी खोकायच्या तयारीत होतो. पण बाबांनी आपला हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"माझाही थरथरतो," ते म्हणाले. "दोघांचे मिळून एक धड हात होईल. चल, घाल."

ठसा पहिल्या खेपेलाच नीट आला.

दात मेणात बसवायचं काम तर फारच बारीक. वाळूची एक लहान पिशवी शिवून ती मनगटाखाली घ्यायची, श्वास रोखायचा, आणि दात ठेवायचा. बाकीच्या विद्यार्थ्यांना जिथे दहा मिनिटं लागत, तिथे हिला तास लागायचा. पण बसलेला दात हलायचा नाही. त्यांचे शिकवणारे, ज्यांना आम्ही घरात दातांचे मास्तर म्हणायचो, ते एकदा मला म्हणाले, "दाताला घाई नसते. होईल त्यांचं." चांगला माणूस. त्यांनी तिमाही प्रगती अहवालात आपल्या रकान्यात लिहिलं: काम समाधानकारक.

तो अहवाल घरी आला. कुटुंबातल्या एका व्यक्तीनेही त्यावर सही करायची होती. आमच्याकडे गाडी तिचं खातं आणि कागद माझं खातं, अशी लग्नापासूनची वाटणी. ती मेण तापवत होती. "तुम्ही भरा हो, मी सही करते," म्हणाली आणि न वाचता सही केली. मी एकेक रकाना भरत कागदाच्या तळाशी आलो. नाव, गाव, क्रमांक, हजेरी, आणि शेवटी तो रकाना: शेरा, असल्यास.

आता 'असल्यास' म्हणजे नसला तरी चालेल, हे कुठल्याही पोराला कळतं. पण सव्वीस वर्षं मी अपुरे भरलेले अर्ज लोकांना परत केले आहेत. रिकामा रकाना दिसला की माझे हात शिवशिवतात. शिवाय खरं सांगू? मला माझ्या बायकोचा अभिमान वाटत होता आणि तो सांगायला दुसरी जागा नव्हती. तिला तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मी लिहिलं:

'उजव्या हातास सतत कंप असूनही श्रीमती अत्यंत जिद्दीने शिकत आहेत. कुटुंबास सार्थ अभिमान आहे.'

वाचून मला गहिवरून आलं. दोनदा वाचलं. पाकीट चिकटवलं आणि स्वतः टाकून आलो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सरकारी पत्र उघडायचा मान माझा, म्हणून मीच मोठ्याने वाचायला घेतलं. "आपणांस कळविण्यात येते की, आपल्या उजव्या हातास सतत कंप असल्याची बाब या कार्यालयाच्या निदर्शनास आली असून, सूक्ष्म हस्तकौशल्याच्या अभ्यासक्रमास आपण पात्र आहात किंवा कसे याबाबत सुनावणी घेण्याचे योजिले आहे. तोपर्यंत सदर साहाय्य स्थगित..." इथे मी वाचायचा थांबलो. 'सतत कंप' हे शब्द मी ओळखले. आपलं लेकरू बाप कसा ओळखणार नाही?

"कुणी कळवलं असेल?" हिने विचारलं.

हा क्षण होता बघा. 'मी' हा एका अक्षराचा शब्द. मी म्हणालो, "त्या कानाच्या डॉक्टरचं काम दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ती तडक त्याच्या दवाखान्यात. मी मागे मागे.

"माझ्या हाताबद्दल तुम्ही का कळवलंत?"

"हात?" डॉक्टर घाबरून म्हणाला. "मी कान बघतो."

"मग हात कशाला बघितलात?"

"नाही बघितला हो! दाखवताय का? पण मला त्यातलं कळत नाही."

"लिहून कुणी दिलं?"

"मी शपथेवर सांगतो, मी मानेखाली कधी गेलेलोच नाही!"

बाहेर येऊन ती म्हणाली, "तो नाही म्हणतो."

"डॉक्टर कधी हो म्हणतात का?" मी म्हणालो. त्या गरीब माणसाच्या दवाखान्यासमोरून मी अजून रस्ता बदलून जातो.

सुनावणीला मी बरोबर गेलो. (नवऱ्याने अशा वेळी बरोबर असावं.) लांब वऱ्हांडा, बाकं, दाराला दुधी काच. आत साहेब, एक डॉक्टर आणि दातांचे मास्तर. तिने तपकिरी साडी नेसली होती आणि खांद्याला पिशवी होती. पिशवीत बाबांची वरची कवळी, पूर्ण झालेली, आणि खालची अजून मेणात. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. मास्तर तिच्यामागे आले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काय झालं?"

"तीस दिवस दिलेत."

"कशाला?"

"एक कागद आणायला."

"कसला कागद?"

तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं. "मिळाला तर आणायचा," म्हणाली आणि जिना उतरायला लागली. मी पुढे विचारलं नाही. ज्याच्या मनात चोर असतो तो चांदण्यालाही घाबरतो, तशी माझी गत. प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि उत्तरात आपलं नाव असलं तर?

ते तीस दिवस. मला आता त्यातला एकेक दिवस आठवतो. सोबतची मुलं वर्गात जात होती आणि ही घरी बसून होती. वर्गात जाता येत नव्हतं, मेणातली कवळी घरी पक्की करता येत नव्हती. ती रोज फडक्यातून काढून बघायची, वाळूची पिशवी हातात धरून बसायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. आठव्या-नवव्या दिवशी जेवताना म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचंय का मला?"

"मीठ जरा कमी आहे," मी म्हणालो.

तिने मीठ आणून दिलं. मी ते घातलं आणि भाजी खारट झाली तरी संपवली. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते.

आणि विसाव्या दिवशी. मी बूट घालत होतो. ती दारात उभी होती. "खरं सांगा," म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? मला जमलं असतं का?"

आता मी असा विचार केला, की निकाल विरुद्ध लागला तर हिला फार लागेल, तेव्हा आधीच थोडं हलकं करून ठेवावं. मोठं शहाणपण. मी म्हणालो, "जमो न जमो गं, तब्येत महत्त्वाची. एवढं काय त्या दातांचं!"

"बरं," ती म्हणाली. डबा हातात दिला. डब्याचं झाकण थोडं वाजलं. त्या दिवशी खोकायला तिथे कुणी नव्हतं.

अडतिसाव्या दिवशी दुसरं पत्र आलं. 'विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्याने...' पुढचं मला वाचवेना. ही शांतपणे उठली, कपाटातली तिची हत्यारं काढली, एकेक पुसली आणि खोक्यात भरायला लागली. चिमटे, मेणाच्या सुऱ्या, ब्रश. ज्याची त्याची जागा होती तिथेच ठेवत होती, जणू उद्या पुन्हा लागणार आहेत. मला ते बघवेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. (माझे गुडघे वाजतात, त्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य जरा कमी झालं.)

"ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सुनावणीत तोच कागद माझ्यासमोर ठेवला त्यांनी. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही? एकोणीस वर्षं पत्रं वाचली तुमची." तिने एक ब्रश पुसला. "साहेब म्हणाले, बाकीच्यांचे शेरे आम्हाला लागतच नाहीत, म्हणून ते कुणी वाचत नाही. तुमच्या यजमानांचं अक्षर इतकं सुरेख, की सगळ्या ऑफिसने वाचलं."

"पण मी वाईट नव्हतं लिहिलं गं! अभिमान म्हणून..."

"खोटं तर काही नव्हतंच."

"मग तो कागद? तीस दिवसांत आणायचा होता तो?"

"ज्याने शेरा लिहिला त्याने तो लेखी मागे घ्यायचा. कुटुंबाचा शेरा कुटुंबानेच मागे घ्यावा, म्हणाले. मग मास्तरांचा अहवाल ग्राह्य धरला असता. मास्तर भांडले माझ्यासाठी."

"अगं, मग मला सांगायचंस ना! दोन मिनिटांत लिहून दिलं असतं!"

"दिलं असतंत," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून दिलं असतंत. मला ते नको होतं." तिने खोक्याचं झाकण लावलं, आणि झाकण थरथर वाजलं तेव्हा तिने दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं. "मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतं. की या हातांना जमणार नाही. बाहेरच्यांना वाटलं तर वाटू दे, त्याचं काही नाही. पण तुम्हालाच वाटत असेल, तर कुणासाठी भांडू? म्हणून एकदा विचारूनही बघितलं."

मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. तिने मला पाणी आणून दिलं. भांडं देताना पाणी थोडं सांडलं आणि ते आम्ही दोघांनीही बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्या कार्यालयात गेलो. तीन पानी खुलासा लिहून नेला होता. मी डॉक्टर नाही, मला कंपातलं काही कळत नाही, मला दातांतलं कळत नाही, मला एकूणच काही कळत नाही, असं सविस्तर. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. "काय अक्षर आहे हो तुमचं," म्हणाले. मग त्यांनी तो आवक-जावकच्या टेबलाकडे सरकवला. तिथे माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा लावलेला एक लिपिक बसला होता. त्याने तारीख बघितली, खण उघडला आणि शिक्का मारला: मुदतबाह्य. सव्वीस वर्षं मी तो शिक्का मारत आलो आहे. समोर उभं राहून त्याचा आवाज कसा लागतो, ते पहिल्यांदाच ऐकलं.

"माफ करा," तो म्हणाला. "नियम आहे."

"हो ना," मी म्हणालो. हे मीही नेहमी ऐकत आलोय, 'हो ना'. लोक असं का म्हणतात ते आता कळलं.

कोर्स एकदा बदलायची सोय होती, ती तेवढी उरली. आम्ही दोघं पुन्हा त्या कार्यालयात गेलो, तिथे खिडकीवर यादी लावली होती. गाडी चालवायला शिकवणं, हे तिने वाचलंच नाही, वरून नजर पुढे नेली. सुरक्षा पर्यवेक्षक. बागकाम. आणि कार्यालयीन कामकाज. तिने त्यावर बोट ठेवलं.

"लिपिक होणार?" मी विचारलं.

"टाइपच करायचं असतं ना. हात हलला तरी अक्षर सरळ येतं."



दातांच्या मास्तरांनी बाबांची वरची कवळी तपासून, चकाकवून, स्वतः घरी आणून दिली. खालची मेणातच राहिली. "दुसऱ्या एका विद्यार्थिनीकडून पुरी करून देतो," ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. "सूनबाईचं काम आहे, सूनबाई करेल. मला घाई नाही." तेव्हापासून ते नुसती वरची कवळी घालून हिंडतात. चौकात सगळ्यांना दाखवून आले. सफरचंद मी अजून किसूनच देतो. खालचे दात नसल्यामुळे त्यांचं बोलणं आधीपेक्षाही कळत नाही, आणि टेलिफोनवर तर समोरचा माणूस राँग नंबर म्हणून ठेवूनच देतो.

मग नव्या कोर्सचा अर्ज आला. मी सवयीने पेन काढलं. हिने ते माझ्या हातातून घेतलं, टेबलाशी बसली आणि मनगटाखाली वाळूची पिशवी घेऊन स्वतः लिहायला लागली. एक तास लागला. मी तीनदा पाणी प्यायच्या निमित्ताने जवळून गेलो, तीनदा तिने कोपराने कागद झाकला. शेवटी पाकिटात घालून माझ्याकडे दिला. "टाकून या तेवढा."

रस्त्यात मी तो काढून वाचला. (हो, वाचला. आता लपवण्यासारखं काय राहिलंय?) अक्षर वेडंवाकडं, पण एक खाडाखोड नाही. शेऱ्याचा रकाना कोरा. आणि त्याच्या वर: तातडीच्या प्रसंगी कुणाला कळवावे. तिथे तिने लिहिलं होतं, 'सासरे'. फोन आमच्या घरात एकच आहे आणि तो मीच उचलतो. त्याचीही सोय तिने केली होती. पुढे कंसात: फोन त्यांच्याच हातात द्यावा.

पाकीट तसंच पेटीत टाकून मी घरी आलो. बाबा खिडकीशी बसले होते.

"बाबा, तातडीचा माणूस म्हणून तिने तुमचं नाव दिलंय. तुम्हीच का?"

बाबांनी वरची कवळी नीट बसवली. "मागे एकदा तिने मला विचारलं होतं," ते सावकाश, मला कळेल असं म्हणाले, "बाबा, मला जमलं असतं का? मी म्हटलं, हो."

"एवढंच?"

"एवढंच. का? तुला नव्हतं विचारलं?"

मी किसणी धुवायला घेतली.

चौथ्या दिवशी ते पाकीट घरी परत आलं. मी तिकीट लावायला विसरलो होतो. सव्वीस वर्षं आवक-जावक विभागात! दार हिनेच उघडलं आणि पाकीटही तिच्याच हातात पडलं. तिने ते उलटसुलट बघितलं. मुदत संपायला दोन दिवस होते. तिने चपला घातल्या, पाकीट पिशवीत टाकलं.

"मीपण येतो," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही घरीच थांबा. कुणाचा फोन आला, तर बाबांना द्या."